बंद दिव्याचा उजेड

बऱ्याच दिवसांनी इथे लिहिते आहे. मध्यंतरी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, एक दिवाळीनंतर आणि दुसरं संक्रांतीनंतर. त्यामुळे लिहिणं-वाचणं जवळजवळ बंदच होतं. आता दिसतं छान. इतकं छान, की घरातली धूळ, कोपऱ्यांतली जळमटं आणि स्वतःच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या असं सगळं एकदमच दिसायला लागलं. पहिल्या दोन गोष्टी काढता येतात. असो.

आज लिहायचंय ते मात्र डोळ्यांबद्दल नाही, दिव्याबद्दल. तुम्ही म्हणाल, बाईंनी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, आता ह्या वयात वायरिंगवर काय लिहिणार? मलाही तसंच वाटत होतं. पण गेले दोन महिने आमच्या घरात जे चाललं होतं ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. त्यातला काही भाग नातेवाइकांना आवडणार नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

तर झालं असं. ऑपरेशननंतर मला रात्री लख्ख उजेड सोसवेना. बेडरूममध्ये दिवा लावला की डोळ्यांत टाचण्या टोचल्यासारखं व्हायचं. लेकीला फोनवर सहज बोलून गेले, आणि चौथ्या दिवशी बंगळूरहून तिने मागवलेलं पार्सल दारात हजर. त्यात होता एक काळा चकचकीत डिमर, नुसत्या बोटाच्या स्पर्शाने चालणारा, सोबत रिमोट आणि तीन एलईडी बल्ब. बल्बच्या खोक्यावर ते डिमरवर चालणारे असल्याचं छापलेलं होतं. साधे एलईडी डिमरवर नीट चालत नाहीत, फडफडतात किंवा लवकर जातात, ही पहिली माहिती मला तिथे मिळाली.

आमच्या बेडरूममध्ये छताला तीन होल्डरचं एक लाकडी ब्रॅकेट आहे. ह्यांनी पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन, घासाघीस करून आणलेलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे विजेच्या सामानाची पंढरी. हे चाळीस वर्षं पिंपरीला एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये होते, आणि रविवारी 'जरा पुण्याला जाऊन येतो' म्हणाले की मी समजायची, तपकीर गल्ली. येताना पिशवीत वायर, पिना, टेप आणि अपराधी चेहरा. ह्यांना जाऊन आता तीन वर्षं होतील.

सोसायटीत कामं करणारा एक मुलगा येऊन डिमर बसवून गेला. बोर्डावरचं जुनं बटण काढलं, त्याच्या दोन तारा डिमरला जोडल्या, पंधरा मिनिटांत काम झालं. उजेड हवा तेवढा कमी करता येऊ लागला. मी खूष, लेक खूष.

त्या रात्री डिमर बंद करून आडवी झाले, आणि पाहते तो वर तिन्ही दिवे जिवंत! उजेड म्हणावा असा नाही. राखेखालच्या निखाऱ्यात जेवढी धुगधुगी असते तेवढीच, पण पांढरी. दोन दिवे एकसारखे मंद, आणि तिसरा दर चार-पाच सेकंदांनी पापणी लवल्यासारखा चमकून जायचा. उठून पुन्हा बोट लावलं, रिमोट दाबला. 'बंद' म्हणजे बंदच होतं. दिवे आपले तसेच.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "काकू, एलईडीला असंच असतं. काळजी करू नका."

आता ह्या 'असंच असतं'शी माझी जुनी ओळख आहे. खूप वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं होतं, "बाई, दिवा लावतात, मग दिवा काढतात असं का म्हणत नाहीत?" प्रश्न किती सुंदर होता हे आता कळतं. दिवा 'मालवतात', देवापुढचा असेल तर तो 'शांत होतो', 'विझला' म्हणायला जीभ कचरते. ह्या एका प्रश्नावर अख्खा तास घेता आला असता. पण परीक्षा तोंडावर होती, धडा उरकायचा होता. मी म्हटलं, "असंच असतं. बस खाली." तो बसला. पुन्हा त्याने काही विचारल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा त्या मुलाचं उत्तर मी मुकाट्याने घेतलं. त्यात आणखी एक गोष्ट होती, ती कबूल करते. ती धुगधुगी मला आवडायला लागली होती. ह्यांच्यामागे अंधारात झोपायची सवय मला अजून झालेली नाही, आणि झिरोचा बल्ब लावला तर डोळ्यांवर येतो. हा उजेड त्यापेक्षाही कमी. रात्री उठले तर पायाशी स्टूल कुठे आहे तेवढं कळायचं. शिवाय वाटायचं, घरात कुणीतरी जागं आहे. वयाचा परिणाम म्हणा.

असे पाच-सहा आठवडे गेले असतील. गुढीपाडव्याच्या आधी घर साफ करायला काढलं. आमच्या कामाच्या मावशी (वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण अख्खी इमारत मावशीच म्हणते) स्टुलावर चढून ब्रॅकेट पुसायला लागल्या. तीन्ही बल्ब काढून माझ्या हातात दिले, आणि ओलं फडकं पिळून होल्डरच्या कडा पुसायला घेतल्या. बल्ब काढण्याआधी त्या म्हणाल्या होत्या, "बाई, बटण बंद आहे ना? हे तर पेटल्यासारखे दिसतायत."

मी म्हटलं, "बंदच आहे. त्यांचं असंच असतं."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

पाडव्याला आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारे एक भाऊ गुळपोळी घेऊन आले. ते चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स बघायचे, आता निवृत्त. ह्यांचं आणि त्यांचं चांगलं जमायचं. कारण दोघांनाही कुठलंही उपकरण बिघडलं की आनंद व्हायचा. बोलता बोलता मी कौतुकाने दिव्यांची गंमत सांगितली. भाऊंनी गुळपोळीचा घास हातातच ठेवला. म्हणाले, "वहिनी, बघू."

सगळ्यात आधी त्यांनी माझ्याकडून एक प्रयोग करून घेतला. म्हणाले, "घरात जुना तारेचा बल्ब आहे?" ह्यांच्या वस्तूंचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा मी अजून तसाच ठेवलाय. त्यात एक चाळीस वॅटचा निघाला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. एमसीबी खाली करून, तीनपैकी एक एलईडी काढून त्याच्या जागी तो लावला आणि एमसीबी वर केला. डिमर बंदच. आणि काय आश्चर्य, उरलेले दोन्ही एलईडी पूर्ण काळे! धुगधुगी गायब. जुना बल्ब पेटला नव्हता, नुसता तिथे बसला होता.

मी विचारलं, "असं कसं?" भाऊ म्हणाले, "वहिनी, बंधाऱ्याचं दार लावलं तरी थोडं पाणी झिरपतंच की नाही?" आमच्याकडे ही उपमा फार सोयीची. रावेतचा पवनेवरचा बंधारा आमच्यापासून जवळच आहे. महापालिका तिथूनच पाणी उचलते आणि निगडीला नेऊन शुद्ध करते. तर डिमर बंद असतानाही त्यातून किंचित वीज झिरपते. एक मिलीअँपिअरच्याही आत. ती का झिरपते, तर स्पर्शाने आणि रिमोटने चालणाऱ्या डिमरला स्वतःला जागं राहावं लागतं. तुम्ही रिमोट कधी दाबाल ह्याची वाट बघत तो बसलेला असतो. त्याला दोनच तारा आहेत, त्यामुळे स्वतःपुरती वीज तो दिव्यांमधूनच ओढतो. टकटक खटक्याचं बटण तसं नसतं. त्यात दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींपासून दूर जातात आणि रस्ता तुटतो.

हे झिरपणं जुन्या बल्बच्या वेळीही होऊ शकायचं, पण कळायचं नाही. तारेच्या बल्बची तार तापून लाल-पिवळी झाली तरच उजेड पडतो, आणि एवढ्याशा विजेने ती कोमटसुद्धा होत नाही. वाळूत चूळ टाकावी तसं. एलईडीला मात्र थेंबही पुरतो. त्या बल्बच्या पोटात एक छोटा साठवणीचा भाग असतो, कपॅसिटर. झिरपलेली वीज त्यात थेंब थेंब साठते, भांडं भरलं की दिवा एकदा चमकतो, भांडं रिकामं, पुन्हा भरणं सुरू. माझ्या तिसऱ्या दिव्याची पापणी लवत होती ती ह्यामुळे. आणि जुना बल्ब शेजारी बसवल्यावर सगळं झिरपणं त्याच्या वाटेने निघून गेलं, कारण तार थंड असताना तिचा अडथळा फारच कमी. एलईडींच्या वाट्याला काही उरलंच नाही.

मला हे सगळं विलक्षण आवडलं. ह्याच एलईडीसाठी २०१४ साली तीन शास्त्रज्ञांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं होतं, इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा. लाल आणि हिरवे एलईडी आधीच होते, निळा जमत नव्हता. निळा जमला म्हणून पांढरा उजेड आला. पुढच्याच वर्षी, २०१५ च्या जानेवारीत आपल्याकडे उजाला योजना सुरू झाली आणि हे बल्ब घराघरांत शिरले. तेव्हा हे मला म्हणाले होते, "ह्या बल्बला जेवढी भूक कमी, तेवढे ह्याचे नखरे जास्त." मी नेहमीप्रमाणे हूं म्हटलं होतं.

इथवर सगळं ठीक होतं. त्या मुलाचं 'असंच असतं' निम्मं तरी बरोबर ठरलं होतं, आणि मी भाऊंना चहा टाकायला उठणार होते. पण मेंटेनन्सची माणसं अशी अर्ध्यावर थांबत नाहीत. भाऊंनी खिशातून टेस्टर काढला, बल्ब काढून होल्डरच्या एका पिनेला लावला. डिमर बंद, तरी टेस्टर पेटला.

मी घाबरले. भाऊ म्हणाले, "घाबरू नका, नुसत्या टेस्टरवर जाऊ नये. टेस्टर खोटं बोलत नाही, पण अतिशयोक्ती फार करतो. झिरपलेल्या विजेवरही पेटतो." अतिशयोक्ती अलंकार मी तीस वर्षं शिकवला, पण हे उदाहरण पुस्तकात नव्हतं. मग त्यांनी घरून आपला टेस्ट लॅम्प आणला. म्हणजे काही विशेष नाही, एक होल्डर, त्याला दोन लांब वायरी आणि होल्डरमध्ये तारेचा बल्ब. झिरपलेल्या विजेवर हा पेटत नाही, त्याला खरीखुरी पूर्ण वीज लागते. त्याची एक वायर आमच्या ब्रॅकेटच्या त्या पिनेला आणि दुसरी शेजारच्या सॉकेटच्या न्यूट्रलला. (हे वाचून कुणीही घरी करायला जाऊ नका. माहितगार माणसालाच बोलवा.)

बल्ब भगभगीत पेटला. पूर्ण. डिमर बंद असताना.

भाऊ काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, तुमचं बटण न्यूट्रलमध्ये आहे."

ह्याचा अर्थ मला जसा समजला तसा सांगते. घरात दोन तारा येतात. फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी, जिच्यात २३० व्होल्ट असतात ती. आणि न्यूट्रल, परत जाणारी. दिवा लागायला दोन्ही हव्यात, म्हणून कुठलीही एक तोडली तरी दिवा बंद होतो. बघणाऱ्याला फरक कळत नाही. पण फेज तोडली तर वर होल्डरपर्यंत वीज पोचतच नाही. न्यूट्रल तोडली तर दिवा विझतो खरा, पण फेज होल्डरमध्ये येऊन तशीच उभी असते, कुणाच्या तरी हाताची वाट बघत. म्हणूनच १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत एकट्या न्यूट्रलमध्ये बटण टाकायला मनाई होती, आणि २०१० च्या नियमांतही ती राहिली.

मला मावशींचं ओलं फडकं आठवलं. स्टुलावर चढलेल्या मावशी, हातात बल्ब घेऊन खाली उभी असलेली मी, आणि माझ्या तोंडचं ते वाक्य. तीस वर्षं वर्गात उभी राहिलेल्या बाईचा आवाज असतो तो, त्यात शंकेला जागा नसते. त्यांनी विश्वास ठेवला.

भाऊंनी मीटरजवळच्या आरसीसीबीचं चाचणीचं बटण दाबलं. खट्कन सगळं घर अंधारलं, म्हणजे तो तरी जागा होता. माणसाच्या अंगातून जमिनीत तीस मिलीअँपिअर वीज जायला लागली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. पण फेज आणि न्यूट्रल अशा दोन्हींना एकदम हात लागला तर त्याला काही कळत नाही. त्याच्या दृष्टीने तुम्ही म्हणजे एक बल्ब. आणि नुसता झटका बसूनही माणूस स्टुलावरून पडतो. आमच्या इमारतीत खुब्याच्या हाडाची ऑपरेशनं झालेल्या तीन बायका आहेत, त्या सगळ्या स्टुलावरूनच पडलेल्या.

"केलं कुणी हे?" मी विचारलं. मला तो सोसायटीतला मुलगा दोषी हवा होता, खरं सांगते. पण त्याने तर बोर्डावर आयत्या होत्या त्या दोन तारा डिमरला जोडल्या होत्या. भाऊ माळ्यावर चढले (पंच्याहत्तरीला आलेत, माझं ऐकतात थोडेच), तिथला जंक्शन बॉक्स उघडला आणि बराच वेळ बॅटरी मारून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बोर्ड पलंगाजवळ घेतला होता का कधी?"

घेतला होता. २०१६ साली. ह्यांनी. स्वतः.

बॉक्समधले जोड ह्यांचेच होते. ह्यांचा जोड मी हजारांत ओळखेन. सात पीळ, त्यावर टेपचे तिरपे वेढे, शेवटी टेपचं टोक दुमडलेलं, म्हणजे पुढे कुणाला सोडवायचा झाला तर नखाने निघावा. दुसऱ्याचा विचार करून काम करणारा माणूस. फक्त ह्या वेळी बटणाकडे जाणाऱ्या दोन्ही तारा लाल होत्या. शिल्लक राहिलेलं एकच वेटोळं वापरलेलं असणार, 'कशाला नवीन आणायची, ही आहे की' म्हणून. लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, हा त्यांचा पाढा. लेकीला एबीसीडीच्या आधी तो पाठ होता. पण सगळंच लाल असल्यावर पाढा काय कामाचा?

भाऊ म्हणाले, "दोन्ही तारा एका रंगाच्या असल्या की चांगल्या चांगल्यांची गफलत होते, वहिनी." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. पण मग मी विचारलं, "टेस्टर लावून बघत असत हो ते. नेहमी." भाऊ म्हणाले, "बघितला असेल. पण बटण चालू असताना बघितला असेल. तेव्हा फेज जिथे असायला पाहिजे तिथेच दिसते. बंद करून बघायचं राहिलं असेल."

आठ वर्षं घरात साधं बटण होतं आणि साधे बल्ब होते. न्यूट्रल तुटली की दिवा काळा. कुणालाही संशय यायचं कारण नव्हतं. ह्यांनी स्वतः त्या आठ वर्षांत कितीदा बल्ब बदलले! त्यातल्या एखाद्या वेळी...

तो दिवस मला आठवतो. म्हणजे आठवतो असं वाटतं. आता इतकी वर्षं झाली, आणि ज्या दिवसाची अपराधी आठवण हवी असते तो दिवस मन स्वतःच रचतं, हे मला कळतं. संध्याकाळी माझी धाकटी बहीण आणि तिच्या घरचे जेवायला यायचे होते. हे माळ्यावर, खोलीभर सिमेंटचा चुरा, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडतेय, "अहो, आटपा आता! दिवा लागला ना? मग उतरा." दिवा लागला होता. ते उतरले.

माझ्या सासरची मंडळी हे वाचतील तेव्हा काहीजण म्हणतील, गेलेल्या माणसाची चूक अशी चव्हाट्यावर कशाला? मीही दोन रात्री हाच विचार केला. लेकीला तर सांगणारच नव्हते. तिच्या बाबांच्या हातचं काम म्हणजे तिला देवाचं काम. तिच्या बंगळूरच्या घरातला अर्धा बोर्ड त्यांनीच करून दिलाय. आणि तेच कारण झालं सांगण्याचं. फोन करून सगळं सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "आई, बाबा असते तर पहिल्याच रात्री उठून बघितलं असतं त्यांनी, दिवे का जळतायत ते." मी म्हटलं, "हो. आणि स्वतःची चूक सापडल्यावर आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटले असते." ते खरंच आहे. कारखान्यात एकदा त्यांनी उलटी मोटर जोडली होती, ती गोष्ट ते पाहुण्यांना हौसेने सांगायचे. लेक हसली. दुसऱ्या दिवशी तिने तिथला वायरमन बोलावला. तिच्या घरातलं सगळं बरोबर निघालं, हेही इथे लिहून ठेवते.

आता दुरुस्तीचं. भाऊंनी मेन बंद करून बॉक्समधल्या तारा अदलाबदल केल्या. न्यूट्रलला काळ्या टेपचे वेढे दिले, फेज बटणातून नेली. पुन्हा टेस्ट लॅम्प लावला, ह्या वेळी डिमर बंद असताना तो निपचित राहिला. धोका गेला, पण धुगधुगी थोडी राहिलीच, कारण डिमरची स्वतःची झिरप तर होतीच. त्यावर भाऊंनी दोन उपाय सांगितले. एक, दिव्यांना समांतर एक छोटा कपॅसिटर जोडायचा, म्हणजे झिरप त्या वाटेने जाते आणि रिमोट चालू राहतो. दुसरा, बोर्डात एक जागा रिकामी होती, तिथे डिमरच्या आधी साधं खटक्याचं बटण टाकायचं. मी खटका निवडला. रिमोट बिनकामाचा झाला म्हणून लेक कुरकुरली, पण मला आता 'टक' ऐकू आल्याशिवाय दिवा बंद झाल्यासारखं वाटत नाही.

गंमत म्हणजे बाथरूममधला एलईडीही अधूनमधून असाच धुगधुगतो हे मला त्या दिवशी प्रथम दिसलं. मी भाऊंना पुन्हा माळ्यावर चढवायला निघाले होते. पण तिथे टेस्ट लॅम्प पेटला नाही. तिथल्या बटणात अंधारात सापडावं म्हणून बारीक लाल निऑनचा दिवा आहे, आणि त्याच्यापुरती वीज बल्बमधून जाते, इतकंच. फेज जिथे तुटायची तिथेच तुटते. म्हणजे दोन खोल्यांत एकसारखा उजेड, एकीकडे खरंच 'असंच असतं' आणि दुसरीकडे नव्हतं. नुसतं बघून मला काय, त्या मुलालाही कळलं नसतं. त्याला मी बोलावून सगळं दाखवलं. रागावले नाही. त्याने बॉक्सचा फोटो काढला आणि म्हणाला, "काकू, जोड मात्र एक नंबर आहेत." मी आत जाऊन पाणी प्यायले.

मावशींना सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. त्यांना समोर बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, त्या दिवशी मी बंद आहे म्हणाले ते बंद नव्हतं, माझी चूक झाली. त्या हसायला लागल्या, "काही झालं नाही ना बाई, मग?" आता नियम केलाय, दिवा पुसायचा तर आधी एमसीबी खाली, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने करायचा, माझ्या शब्दावर जायचं नाही. एमसीबी कुठला हे त्यांना कळावं म्हणून त्यावर मी दिव्याचं चित्र काढून चिकटवलंय.

भांडी घासून जाताना त्या दारात थांबल्या. म्हणाल्या, "आमच्या खोलीत पण बटण बंद केलं तरी बल्ब मिणमिणतो बाई. पोरं त्याच्या उजेडात झोपतात. त्या चौथ्या मजल्यावरच्या काकांना विचाराल का?"

विचारलं. भाऊ उद्याच जाऊ म्हणत होते. पण उद्या गुरुवार, कारखान्यांची सुट्टी, म्हणजे आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जायचा वार. मी त्यांना म्हटलं, टेस्ट लॅम्प पेटणारच नाही आणि तुम्ही सगळं ठीक आहे म्हणून परत याल. तेव्हा शुक्रवारी सकाळी जाणार आहेत. मीही जाणार आहे, टेस्ट लॅम्प धरायला.